मागच्या भिंतीच्या इंजिनिअर बाई

"माती आत्तासुद्धा ढकलतेय, मावशी." चहाचा घोट घेता घेता आमच्या इंजिनिअर बाई असं काही बोलायच्या आणि मी उठून मागच्या बाजूला डोकावून यायची. तुमच्याही ओळखीत असेल की असं एखादं माणूस, मायेनं येतं आणि घाबरवून जातं!

आमच्या सोलापुरातल्या गल्लीच्या मागं काळ्या मातीचा उंच प्लॉट. ती माती घरांवर येऊ नये म्हणून सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची भिंत बांधायचं ठरलं. डिझाइन बाईंचं. पोकळीत उभ्या सळ्या, आणि पोकळी काँक्रीटनं गच्च भरायची.

मिस्त्री चिडवायचा, "बाई, तुमी सपनात बी सळ्याच मोजता जणू!"

"मोजते की. तुम्ही जागेपणी विसरता म्हणून."

नेमक्या भरायच्या वेळी बाई तापानं पडल्या. उठून आल्या तोवर भिंतीमागं माती टाकूनही झाली होती. त्यांनी हातोडीनं ठोकत ठोकत भिंत तपासली. आमच्या घरामागं आल्या आणि आवाज बदलला. मलासुद्धा कळला तो, रिकाम्या डब्यासारखा.

"मिस्त्री, इथं काय भरलंय?"

"वरनं घमेल्यानं वतलंय की. कुटं जातंय ते?"

बाईंनी खालचा ठोकळा फोडायला लावला. आत हात घातला तो कोपरापर्यंत गेला. नुसती सळई, उघडी. वर कुठंतरी सिमेंटची रिकामी पिशवी अडकून काँक्रीट तिथंच बसलेलं. मिस्त्रीचं तोंड पांढरं पडलं. मंद्रूपच्या बाजूनं आभाळ भरून आलेलं, आणि त्या भिंतीलगतच्या खोलीत माझी बाळंतीण लेक.

"मावशी, पाळण्यातलं बाळ उचला."

"अहो, आत्ताच झोपलंय ते..."

"झोपलेलंच उचला!"

वरून माती उपसायला लावली, खालून लाकडी टेकू दिले. पण भिंतीखाली उभं राहून भोकं पाडायला आणि त्यातून काँक्रीट भरायला एकही मजूर तयार होईना. बाईंनी ओढणी कमरेला बांधली आणि स्वतः खाली गेल्या. बाळाला घेऊन मी लांबूनच विचारलं,

"भीती नाही का वाटत हो?"

"लई वाटते. बोलू नका, आतलं ऐकू दे."

थेंब पडायला लागले तरी त्या हलल्या नाहीत. त्यांना बघून मिस्त्रीही खाली उतरला. एकेक पोकळी भरत गेली.

भिंत उभी राहिली. बाई पुढं सोलापूर सोडून गेल्या, आणि गेल्या वर्षी कायमच्याच गेल्या.

परवा संततधार लागली होती. लेक नि नात, तेव्हा पाळण्यात होती तीच, आलेल्या. मागं कसलासा आवाज झाला म्हणून मी मिस्त्रीला बोलावलं. आता तोही थकलाय. त्यानं भिंत ठोकून पाहिली, कान लावला, पुन्हा ठोकली.

"काय म्हणते रे?"

"मला नुसता पाऊसच ऐकू येतोय, मावशी. बाईंना कळलं असतं."

मी घरात गेले आणि लेकीला म्हटलं, "अंथरुणं पुढच्या खोलीत घे गं."