वाऱ्याच्या खालच्या अंगाला

खोली घेताना वारा कुठून येतो ते मी बघितलं नाही. सूर्यमाळच्या पाड्यावर वाढलेल्या माणसाने करू नये अशी ही चूक, आणि ती मी दिवसाढवळ्या, हसत हसत केली.

नागली खळ्यावर झोडून, वाऱ्यावर उपणून घरात आली आणि खोडाळ्याच्या नाक्यावरून मी जीपच्या मागे लटकून निघालो. आय फडक्यात भाकऱ्या बांधून देत म्हणाली, ‘जागा बघून राहा रं.’ मला वाटलं, म्हातारी चोरांबद्दल बोलतेय.

बोईसरला कंपन्यांच्या मागे पत्र्याच्या चाळी आहेत. थंडीचे दिवस होते, वारा डोंगराकडून यायचा. म्हणजे थेट आपल्या गावाकडून, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. खोलीमालक म्हणाला, ‘खोली हवेशीर आहे.’ तो खरं बोलला, हे मान्य करतो. भाडं इतकं कमी की मालक येडा आहे असं समजून मी पाड्यावरच्या आणखी चौघांना फोन करून बोलावून घेतलं. आज ती अख्खी ओळ आमच्या मोखाडा तालुक्याची आहे. पलीकडची बिहारची, तिच्या पलीकडची ओडिशाची, आणि सगळ्यांना मिळून टोकाला एकच संडास.

शिमगा झाला आणि वारा फिरला, समुद्राकडून कंपन्यांवरून येऊ लागला. रंगाच्या कंपनीची गुलाबी पूड आमच्या पत्र्यांवर, दोरीवरच्या बनियनवर, ताटातल्या भातावर बसू लागली. खिडकी लावली की जीव उकडतो, उघडली की घसा धरतो. मी चौघांना सांगत होतो, कुणीतरी होळी उशिरा खेळतंय. अजून त्यांच्यापुढे माझी मान वर होत नाही. त्यांची पोरं तिथेच खोकतात.

माझीही. लग्न झालं, मुलगी झाली, खोली तीच.

यंदा पाड्यावरची विहीर आटली तेव्हा मी आयला ऐटीत फोन केला, ‘इकडेच ये, दारात नळ आहे.’ नळ आहे, खोटं नाही. त्याचं तांबूस पाणी भांड्यांना. प्यायला जार विकत. आय नळ बघून हरखली, जार बघून त्याची किंमत विचारली. दुसऱ्या दिवशी तिने नागलीचे पापड पत्र्यावर वाळत घातले. संध्याकाळी सगळे गुलाबी. मी म्हटलं, ‘हल्ली लग्नात असेच करतात.’ तिने पापड गोळा करून कचऱ्यात टाकले.

तिचं मन रमावं म्हणून तिला आणि मुलीला साहेब लोकांची कॉलनी दाखवायला नेलं. ती समुद्राच्या अंगाला, कंपन्यांपासून लांब. भिंतीआड झाडं, झोपाळे. फाटकापाशी आयने नाकावरचा पदर काढला आणि पोटभर श्वास घेतला. मुलगी खोकायची थांबली होती.

‘इथं का नाय घेतलीस खोली?’

‘इथं साहेब राहतात, आये.’

‘साहेबाच्या घरी खळं होतं काय? त्याला बरं वारं कळलं!’

तेवढ्यात वॉचमन ओरडला, ‘मौसी, आगे चलो, यहाँ खड़ा नहीं रहना.’ मी त्याला ‘हो साहेब’ म्हणालो. तो आमच्याच चाळीतला, बिहारच्या ओळीतला. दोघांनीही ओळख दाखवली नाही.

त्या आठवड्यात आयने गाठोडं बांधलं. माझ्या मुलीचे फ्रॉकही त्यात.

‘पोरीला नेते,’ ती म्हणाली.

‘पाड्यावर पाणी नाही, आये. टँकरसाठी रांग लावशील.’

‘लावीन.’

बायको मुलीची वेणी घालत राहिली. तेव्हा कळलं, दोघींचं आधीच ठरलंय.

एसटी स्टँडवर मुलगी खिडकीतून हात हलवत होती. आता पाड्यावरून कुणी खोली विचारायला फोन केला, की मी आधी वाऱ्याचं सांगतो. तरी येतात, कारण विहीर आटलेली असते. घर कुठे म्हणून विचारलं तर मी अजून सूर्यमाळच सांगतो, आणि झोपायला चाळीत जातो.

त्या दिवशी गाडी सुटताना आयने मला खिडकीजवळ बोलावलं. वाटलं, आशीर्वाद देईल.

‘आपल्या खळ्यावर भुसा उडून पडतो ना,’ ती म्हणाली, ‘त्या अंगाला कोंबड्या उभ्या राहतात. तू तिथं संसार मांडलास.’