एक फॉर्म उरला, एक ट्यूब उरली

एक फॉर्म उरला होता आणि एक ट्यूब उरली होती. फॉर्मवर नाव होतं गायत्री. ट्यूबवर नाव होतं ज्योती. बाकी सगळ्या ट्यूब आपापल्या फॉर्मला लागल्या होत्या. वानखडे सरांनी दोन्ही वस्तू टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि अंकिताला हाक मारली. सर आमच्या लॅबचे इन्चार्ज. ते असं शांतपणे काही मांडून ठेवतात, तेव्हा समोरच्याची खैर नसते.

मोताळ्यात बसस्टँडजवळ आमची लॅब आहे. मी तिथं बावीस वर्षांपासून अटेंडंट आहे. काचेचं सामान धुते, पेशंटला आत घेते, रक्त काढताना हात धरते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण ट्यूबची झाकणं मला पाठ आहेत. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. ती सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायला. लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त मुद्दाम गोठू देतात आणि वर सुटलेलं पाणी तपासतात. शिकाऊ पोरी पहिल्या आठवड्यात हे उलटं करतात आणि मी ओरडते.

अंकिता दुसरबीडची. बारावी सायन्सनंतर तिनं डीएमएलटी केलं, म्हणजे लॅबचा डिप्लोमा. तो नुसत्या परीक्षेनं पुरा होत नाही. सहा महिने लॅबमध्ये काम करावं लागतं, आणि शेवटी इन्चार्जनं लॉगबुकवर सही करावी लागते. तिचे सहा महिने त्याच दिवशी संपत होते. सोमवारी तिला बुलढाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये जॉईन व्हायचं होतं. सही नाही तर नोकरी नाही.

"गायत्रीचं रक्त कुठंय?" सरांनी विचारलं.

"सर, मी सगळ्यांचं घेतलंय."

"मग ही ज्योती कोण? हिचा फॉर्म कुठंय?"

"माहीत नाही सर. मी पेशंटला नाव विचारलं. ती म्हणाली ज्योती. तेच लिहिलं."

"गायत्रीला तीन दिवसांपासून ताप आहे. समोरचे डॉक्टर तिच्या प्लेटलेट मागताहेत आणि ते एक वाजता निघतात. मी त्यांना काय देऊ? ज्योतीच्या देऊ?"

प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी. डेंग्यूत त्या घसरतात, म्हणून डॉक्टरला घाई असते.

सर म्हणाले, "लॉगबुक परत घेऊन जा. अजून तीन महिने यायचं."

ती रडली नाही, हे मला आवडलं. तिनं हातमोजे घातले आणि कुठं ट्यूब पडली का ते टेबलाखाली वाकून पाहू लागली.

आमच्याकडे तेव्हा फॉर्म काउंटरवरच राहायचे. अंकिता रक्त घेऊन ट्यूबवर नाव लिहायची. ट्यूब आणि फॉर्म आत आले की सर नावं जुळवून ट्यूबवर नंबर घालायचे. बाजाराचा दिवस होता. सकाळपासून नुसती रीघ लागली होती.

"अंकिता, ते हिरव्या बांगड्यांवाली आठवते का तुले?" मी विचारलं.

"हो मावशी. कोपरापर्यंत होत्या. सुई टोचायला जागाच नव्हती."

"तिनं काय नाव सांगितलं?"

तिनं जरा विचार केला. "ज्योती. हो, तीच ज्योती."

पण काउंटरवर त्या पोरीनं तोंड उघडलंच नव्हतं. नाव तिच्या सासूनं सांगितलं होतं. मी तिथंच फरशी पुसत होते.

"सर, या दोघी एकच हायेत," मी म्हटलं.

"मावशी, अंदाजावर लॅब चालत नाही."

हे त्यांचं बरोबर होतं. म्हणून मी चप्पल घातली आणि बाजारात गेले; रिपोर्ट होईपर्यंत बाजार करून येतो, असं सासू सांगून गेली होती.

सासू मिरच्यांवरून भाजीवालीशी भांडत होती. सून मागे रसवंतीच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसली होती. मी दोघींच्या मागे उभी राहिले आणि मोठ्यानं हाक मारली, "गायत्री!"

सासू वळली. सून हलली नाही.

"ज्योती!"

सून ताडकन उठली.

सासू पिशवी घेऊन माझ्यावर आली. "काय व बाई, माह्या सुनेले कोणत्या नावानं हाका मारून राह्यली?"

"तिचं नाव काय हाय?"

"गायत्री! माह्या पोरानं तांदळात अंगठीनं लिहिलं, साऱ्या मांडवासमोर. तीन आठवडे बी नाही झाले."

"अन् आधार कार्डावर?"

सासू सुनेकडे पाहू लागली.

"ज्योती," सून हळूच म्हणाली.

"मंग लॅबमधी गायत्री काऊन नाही सांगितलं?"

"आत्याबाई, सुई पाहून जुनंच नाव निघालं तोंडातून."

मी दोघींना घेऊन लॅबमध्ये आले. सासूला वाटलं काम झालं. "आता ते नाव खोडा अन् हे लिहा. रक्त तर तेच हाय ना?"

सरांनी मान हलवली. ट्यूबवरचं नाव खोडून दुसरं लिहायचं नसतं. आज खरं निघेल, उद्या भलत्याचंच रक्त भलत्याच्या नावावर जाईल. ती ट्यूब बाद. रक्त पुन्हा घ्यायचं.

"पुन्हा?" सासू म्हणाली. "पोरीले अजून आमच्या घरी नांदायचं हाय. सारं रक्त इथंच काढून घेता का?"

सरसुद्धा हसले.

या वेळी अंकितानं फॉर्म हातात घेतला. दोन्ही नावं विचारली, वय विचारलं, ट्यूबवर आधी नंबर घातला. मी बांगड्या मनगटाकडे सारून धरल्या. एकाच टोचणीत रक्त आलं. एकला पंधरा मिनिटं कमी असताना रिपोर्ट डॉक्टरच्या टेबलावर होता. प्लेटलेट चांगल्या होत्या. साधा ताप म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं.

मग अंकिता लॉगबुक घेऊन उभी राहिली.

"पेशंटला स्वतःला नाव विचारलंस, ते बरोबर," सर म्हणाले. "फॉर्मशी जुळवलं नाहीस, ती चूक."

"फॉर्म काउंटरवर होता सर."

"तिथं ठेवायला कोणी सांगितलं?"

"तुमीच," मी म्हटलं.

अंकिता फरशीकडे पाहू लागली. सरांनी पेन काढलं, सही केली, शिक्का मारला. मग मला म्हणाले, "मावशी, तुम्ही चौथीतच शाळा सोडली ते बरं झालं."

"नाही तं तुमच्या खुर्चीवर मी असती," मी म्हटलं.

अंकिता सोमवारी जॉईन झाली. आता तिच्या हाताखाली शिकाऊ पोरी आहेत. तिथं मशीनच बारकोड वाचतं, पण तो चिकटवायच्या आधी ती पेशंटला नाव विचारते आणि फॉर्मवर बोट ठेवून जुळवते. नोकरी डिप्लोम्यानं मिळते. टिकते ती असल्या सवयींनी.

आमच्याकडे आता फॉर्म पेशंटबरोबरच फिरतो. नंबर आधी, सुई नंतर. काउंटरवर एक प्रश्नही वाढला आहे: लग्नाआधीचं नाव काय? नियम सगळ्यांना सारखा, म्हणून सरांनी तो बाया-पुरुष सगळ्यांनाच विचारायला लावला. परवा एक मिशीवाले भाऊ त्यावर चांगलेच तापले. "लग्नाआधी बी हेच होतं! माहं नाव कोण बदलते बे?"

"कोणीच नाही बदलत भाऊ," मी म्हटलं. "म्हणून तं तुमची ट्यूब कधी हरवत नाही."