भिंतीकडची खुर्ची

रेकॉर्ड प्लेअरच्या दुकानात म्हाताऱ्याला कुणी नावानं हाक मारतच नसे. सगळे कानसेन म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडे. कार्ट्रिज म्हणजे रेकॉर्डवर टेकणाऱ्या सुईची अंगठ्याच्या पेराएवढी डबी. तिला केसासारख्या बारीक चार तारा लागतात. तांब्याच्या घ्या, नाहीतर चांदीच्या. तारेनं आवाज बदलतो की नाही यावर लोक खुशाल डोकी फोडून घेवोत, कानसेनांचा कौल ठरलेला. चांदी टोचते. तरी दर वेळी ऐकल्याशिवाय बसवायचे नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसायचं, लेकीनं मागे कुठली तार लावलीय ते विचारायचं नाही, आणि गोड लागेल ती सांगायची.

हल्ली घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. लेकीला दिसत होतं, पण बोलायची छाती होत नव्हती. कान गेला तर या माणसाकडे राहिलं काय?

आज समोर गाणं शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या, जुन्या गिऱ्हाईक. कानसेन म्हणतील ती त्यांची पूर्व दिशा.

लेकीनं आधी चांदीच्या लावल्या. डबीच्या नाजूक काड्यांवर मुलाम्याच्या क्लिपा चिमट्यानं सरकवताना तिनं श्वास रोखला होता, कारण काडी मोडली की डबी कचऱ्यात. सुई टेकली. सतार वरच्या सुरात गेली आणि लेकीनं दात आवळले, इतकी ती टोचली. मग तांब्याच्या लावून तोच तुकडा वाजवला. आता कुठं जिवाला बरं वाटलं.

"पहिली," बाबा म्हणाले. "काय गोड आहे."

लेकीनं चमकून बाईंकडे पाहिलं. बाईंच्याही कपाळावर आठी चढली, पण कानसेनांपुढे बोलणार कोण? मग भिंतीकडे बघतच बाबांनी आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तांब्याचीच होती ना?"

"हो बाबा. तांब्याचीच."

बोलून गेली खरी, पण दुसऱ्यांदा लावलेल्या तांब्याच्या तारा अजून प्लेअरवरच होत्या. बाबा उठले. ती लगबगीनं आडवी आली, पुन्हा एकदा ऐकू म्हणाली, चहा ठेवते म्हणाली. त्यांनी तिला हळूच बाजूला केलं आणि वाकून बघितलं. पातळ आवरणातून तारा लालसर दिसत होत्या.

ते सावकाश सरळ झाले. मग बाईंकडे वळले.

"मला आज चांदी गोड लागली, बाई. माझे कान गेले."

लेकीला रडू फुटलं. ती माफी मागू लागली, पण बाबा रागावले नाहीत. त्यांनी खुर्चीवरची आपली चपटी झालेली उशी झटकली, नीट ठेवली आणि तिच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"बस. तोंड भिंतीकडे. मी लावतो, तू सांग. आणि आता खोटं बोललीस तर मला कळणार नाही, एवढं लक्षात ठेव."