धवलारणीचा श्वास

जासईची हौसा धवलारीण. तिने लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हटल्याशिवाय आगऱ्यांच्या घरात हळद लागत नसे. धवले सगळे तोंडपाठ. ओळ संपली की ती नाकाने भरून श्वास घ्यायची आणि त्या श्वासाबरोबर पुढची ओळ आपसूक यायची.

मोठ्या आजारात जीव वाचला, पण गळ्याला भोक पाडावं लागलं आणि ते कायमचं राहिलं. श्वास तिथूनच येतो-जातो. बोलायचं तर भोकावर बोट दाबायचं. बोलणं परतलं, धवले परतले नाहीत. पहिली ओळ येते, पुढे मिट्ट काळोख.

पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "श्वास नाकातून आत जातो तेव्हा मेंदूतल्या आठवणीच्या पेशींना ठेका मिळतो, असं संशोधन सांगतं. तुमचा तोच ठेका चुकत असेल. पण हे भोक आता बुजवता येणार नाही."

ज्या भोकाने जगवलं, त्यानेच गाणं गिळलं. बोटं मोडायची तरी कुणाच्या नावाने?

नातीची, मनस्वीची, हळद पनवेलच्या हॉलात होती. हौसा पहिल्या ओळीलाच अडली. बायका खाली बघू लागल्या. तेव्हा मनस्वीने मायेने मोबाइलवर आजीचेच जुने धवले लावले. तो खणखणीत आवाज हॉलभर घुमला. प्रत्येक ओळीआधी नाकाने घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येत होता. त्या श्वासासरशी हौसानेही छाती भरली. गळ्यातून नुसती शिट्टी वाजली.

तिने भोकावर बोट दाबलं.

"बंद कर गो बाय," ती म्हणाली. "मेलेल्या मानसाला हळदीला नाय बोलवत."