आठ नट

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाय. बायकोला नाय, देवापुढंही नाय. आज तुम्हालाच का सांगतोय — ते नका विचारू. ऐका फक्त.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी फिटर. धाकटा भाऊ सुदाम, त्याची एक जुनी जीप होती. हप्त्यातून एकदा घरची मेंढरं बाजारला न्यायचा, बाकीचे दिवस शिटा भरायचा. वजनानं जीप मागून पार बसली होती. मागच्या एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक जादा पाटा टाकून दे, म्हणाला. टाकला. दोन दिवस सुट्टी काढून, घरापुढं लिंबाखाली जीप विटांवर चढवली अन् घासलो. शॉकअपसुद्धा नवे टाकले. जीपचं ढुंगण असं वर आलं की गल्ली बघायला जमली! अन् आबा — आमचे वडील — सगळ्यांदेखत काय म्हणाले? "सुदामचा हात लई साफ हाय बरं का गाडीवर." मी तिथंच उभा होतो. कोपरापर्यंत ग्रीस.

एवढ्याशा गोष्टीचा राग येतो का माणसाला? मला आला.

आता कामातली एक गोष्ट सांगतो. नवा पाटा टाकला की आठ दिवस गाडी चालवायची अन् मग एक्सल धरून ठेवणारे आठही नट पुन्हा आवळायचे. पाटे दबून बसतात, नट ढिले पडतात. तसंच सोडलं तर एक्सल जागचा सरकतो. हे मला पाठ होतं — भूल नव्हती ती, एवढं ध्यानात ठेवा. आठव्या दिवशी सुदामनं विचारलं, "दादा, नट आवळायचे होते ना?" मी म्हणालो, "सकाळीच आवळले की." पान्याला हातसुद्धा लावला नव्हता. का? चारचौघांत त्याची फजिती व्हावी, आबांनी बघावं — एवढंच? नाय. त्याहून वाईट झालं असतं तरी मला चाललं असतं.

अन् झालंच. जालना रोडच्या वळणावर एक्सल सरकला, जीप आडवी होऊन नालीत गेली. सुदामला नुसतं खरचटलं. शेजारी आबा बसले होते — त्यांचा खुबा मोडला. जीप ओढून घरी आणली, तशी कुणी खाली वाकून बघायच्या आत मी एक्सल जागेवर घेतला, बोल्ट बदलले, नट करकचून आवळले. मग अंगणात येऊन ओरडलो — मीच — की हा नालायक मस्तीत गाडी हाकतो, बापाला मारलं असतं यानं! सुदाम म्हणत राहिला, दादा, गाडी आपसूक ओढली रे एका बाजूला. "गाडीला काय भूत लागलं व्हय रे?" म्हणालो. लोक हसले. खरं सांगू? लई बरं वाटलं.

आबा खाटेला खिळले ते खिळलेच. सुदामशी बोलणं टाकलं. तो त्यांचं हगणं-मुतणं काढायचा, पाय चेपायचा, अन् ते भिंतीकडं तोंड करायचे. तीन वर्षं! नट मी आवळले नव्हते — एवढं एक वाक्य बोललो असतो तर मिटलं असतं. ओठावर आलं होतं का कधी? खोटं कशाला बोलू — नाय आलं. मला ते बघायला आवडायचं.

शेवटच्या दिवशी सुदामनं चमच्यानं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. आबांनी दात मिटून घेतले. पाणी गालावरून उशीवर गेलं. मग कुणीतरी चमचा माझ्याकडं दिला. माझ्या हातचं ते प्यायले.

सुदामनं जीप विकली. स्टिअरिंग धरलं की घाम फुटतो म्हणतो. परवा माझ्या गाडीत शेजारी बसला होता. वळण आलं तसा म्हणाला, "दादा, माझ्यामुळं गेले रे आबा."

मी गिअर टाकला अन् म्हणालो, "जाऊ दे. मी कवाच माफ केलंय तुला."