कानसेनाच्या घरची गाडी
उतारावरच्या गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणत, आणि त्याला ते भारी आवडायचं. गाडी आली की हा पाना उचलायचाच नाही. आधी स्टुलावर बसायचा, डोळे मिटायचा आणि मालकाला दारासमोरून हळू गाडी नेऊन ब्रेक मारायला लावायचा. मग एक डोळा उघडून निकाल द्यायचा: पुढचं डावं चाक, आतला पॅड. चाक उघडलं की तसंच निघायचं. बाकीचे मेकॅनिक चारही चाकं उघडून बघत बसतात, याची तो यथेच्छ टर उडवायचा.

घरात तर बोलायची सोयच नव्हती. घरची मोठी सात जणांची गाडी त्याने जुनी घेऊन स्वतःच्या हाताने उभी केलेली. एकदा बायको म्हणाली, मागून काहीतरी वाजतंय. शोधल्यावर सीटखाली डब्याचं झाकण निघालं. पुढे येईल त्या पाहुण्यासमोर त्याने त्या झाकणाची गोष्ट रंगवून सांगितली. तेव्हापासून बायकोने आणि लेकीने कानाला खडा लावला. गाडीच्या आवाजाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. साक्षात कानसेन शेजारी बसलेला असताना आपण कोण सांगणार?

त्या दिवशी सकाळी औषधांच्या दुकानवाल्या ताई आल्या. त्यांचीही गाडी अगदी तशीच. सासू-सासरे आणि मुलांना घेऊन डोंगरापलीकडे निघायचं होतं. ब्रेक दाबला की काहीतरी चिरकतं, असं त्या म्हणाल्या. कानसेनाने डोळे मिटले, त्यांना दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि हसत सुटला.

"ताई, गोळ्या विकता विकता तुम्हालाच एखादी लागलेली दिसते. ब्रेक खणखणीत आहेत. बिनधास्त जा."

ताई ओशाळल्या आणि गेल्या.

जेवायच्या सुमाराला लेक घरची गाडी घेऊन आली. पुढचं चाक पंक्चर झालं होतं. कानसेनाने जॅक लावला, नट सोडवले, चाक ओढून काढलं आणि तिथेच उकिडवा बसून राहिला.

आतला पॅड संपला होता. लोखंडी पाठीवर नुसता पापुद्रा उरला होता. पॅडला एक छोटीशी पत्र्याची पट्टी असते. पॅड झिजत आला की ती चाकामागच्या डिस्कला घासते आणि किंचाळते; मालकाला जाग यावी म्हणून ती मुद्दाम बसवलेली असते. ती पट्टी घासून घासून लख्ख झाली होती. म्हणजे ही कालपरवाची गोष्ट नव्हती. याच गाडीतून लेक रोज हा उतार उतरत होती, आणि कितीदा तरी तो स्वतः तिच्या शेजारी बसून जांभया देत होता.

"हे वाजत असणार," तो म्हणाला.

"वाजतं की. कधीपासून. दात शिवशिवतात अगदी." लेक सहजच बोलून गेली. "तुम्ही काही म्हणाला नाहीत, म्हणून आम्हाला वाटलं, असायचंच ते."

त्याचा विश्वास बसेना. त्याने स्टेपनी चढवली आणि लेकीला दारासमोरून हळू गाडी न्यायला सांगितलं. स्टुलावर बसला, पण या वेळी डोळे उघडे ठेवून. गाडी आली, ब्रेक लागला. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून तोंड वाकडं केलं. पायरीवर पसरलेलं कुत्रं उठलं आणि निघून गेलं. कानसेनाला इंजिन ऐकू आलं, टायरखालची खडी ऐकू आली. जाड आवाज सगळे आले; तार सुरातली किंचाळी तेवढी नाहीच.

ज्या कानांच्या जोरावर तो उभा जन्म जगला, ते त्याला न सांगताच निघून गेले होते. आणि मग त्याला सकाळच्या ताई आठवल्या. डोंगराचा उतार आठवला.

फोन लावता लावता त्याने लेकीला सकाळचं सगळं सांगितलं. लेक म्हणाली, चाकाचा नट ढिला दिसला होता, सांगायचं राहिलं म्हणा, थांबतील त्या. त्यालाही ते पटलं. तेवढीच अब्रू झाकली जाईल. पण ताईंनी फोन उचलला आणि त्यांनीच आधी विचारलं.

"काका, अजून चिरकतंय हो. माझा भासच आहे ना तो? आता उतार सुरू होतोय."

नटाची गोष्ट त्याने गिळून टाकली.

"भास नाही ताई. मला तो आवाज ऐकू येत नाही. आहात तिथेच थांबा, उतरू नका."

ताईंनी, थांबलो, एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

लेकीने स्कूटर काढली. तो मागे बसला, नव्या पॅडचा खोका आणि हत्यारांची पिशवी छातीशी धरून. उताराच्या तोंडाशी ताईंची गाडी कडेला उभी होती. सासू-सासरे दगडावर बसले होते. त्याने चाक काढलं. पॅडवर इथेही पापुद्राच होता. त्याने दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून घेतलं आणि जुना पॅड ताईंच्या हातात दिला.

ताईंनी पॅड उलटसुलट करून पाहिला. "सकाळी तुम्ही मला हसला होतात," त्या म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला.

त्याने त्यांना सपाट रस्त्यावरून हळू गाडी आणायला सांगितली. गाडी जवळ आली, ब्रेक लागला. तो गाडीकडे बघतच नव्हता. तो लेकीच्या तोंडाकडे बघत होता.

"वाजतंय?"

"नाही, बाबा."

त्याने ताईंना पुन्हा एकदा फेरी मारायला लावली आणि लेकीला पुन्हा तेच विचारलं.