आ कर, गोविंदा

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघा भावांनी बोंबील टाकले. होडी उशिरा आली होती. वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या बांबूंवर, दोरी रिकामीच होती. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा नि जोडी दोरीवर टाकायची. गोविंदाचा हात माझ्यापेक्षा चपळ. "दादा, तुझी एक जोडी होते तवर माझी दोरी भरते," म्हणून हसला. मी हसलो नाय. त्याचं तोंड बघत होतो... सवयच तशी.

गोविंदा माझा धाकटा भाऊ. तारापूरजवळच्या नवापूरला आमच्या घरात आता आम्ही दोघंच होतो. तरणा असताना जाळं ओढून त्याची पाठ गेली. खंबाताकडच्या एका खलाशानं त्याला अफूची गोळी दिली. पाठीची कळ थांबली, गोळी थांबली नाय. एकदा जाळं ओढायच्या वेळी हा होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या पायाशी घोरत पडलेला. त्यानंतर कोणी त्याला होडीत घेईना. लोक मला विचारायचे, तुझा भाऊ कुठं हाय? मी वाळूकडे बघायचो.

माझी बायको हौसा म्हणाली, "भावजींना घरात ठेवा, मी बघते." तिनं बघितलं. तो घामानं भिजायचा, ओकायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. ती पेज भरवायची, मी दार अडवून बसायचो. तरी गोळी येई कुठून? गालात लपवायचा. म्हणून मी रोज सकाळी त्याला ओट्यावर उभा करायचो. "आ कर." मासळीचे कल्ले उघडून बघावेत तसं बोट घालून बघायचो.

तो सुटला. खरंच सुटला. हात थरथरायचे थांबले, जबड्यात जबडा नीट बसायला लागला. पण माझं "आ कर" सुटलं नाय. हौसा चिडायची, "अवो, दात मोजताय का भावाचे? पुरे की आता!" मी म्हणायचो, तुला काय कळतं. आणि गोविंदा मुकाट्यानं तोंड उघडायचा. वलांडीवरच्या बाया टकामका बघायच्या.

तारापूरला वीजघराचं बांधकाम निघालं तेव्हा तो तिकडे कामाला लागला. नवा सदरा घालून जायचा. एक दिवस मी त्याची भाकरी घेऊन गेलो. सकाळी तो लवकर निघालेला, तोंड बघायचं राहिलं होतं. सगळे मजूर जेवायला बसलेले. मी म्हणालो, "गोविंदा, आ कर." मुकादम ओरडला, "क्या चाचा, बैल खरीद रहे हो क्या?" सगळे खो खो हसले. गोविंदानं खाली बघितलं, मग तोंड उघडलं. त्यात काय नव्हतं. चावलेली भाकरी होती.

दुसऱ्या दिवसापासून तो गेलाच नाय. मी विचारलं तर म्हणाला, "मला आपले बोंबीलच बरे, दादा." नवा सदरा खुंटीवर तसाच राहिला. पुढं हौसा गेली. जाताना तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाय. तरी दुसऱ्या सकाळी मी त्याला ओट्यावर बोलावलं... आणि तो आला.

तर त्या संध्याकाळी बोंबील टाकून झाले, आम्ही जेवलो, झोपलो. सकाळी मी ओट्यावर उभा राहून हाक मारली. आला नाय. पुन्हा मारली. आत गेलो तर अजून चटईवरच. मला वाटलं, खाल्लीच यानं! हात लावला तर गार. तरी मी त्याचा जबडा धरला, बोट घालून दोन्ही गाल चाचपले, जिभेखाली बघितलं. काय नव्हतं. मग बसलो खाली.

शेजारची काशीआत्या तुळशीचं पाणी घेऊन आली. म्हणाली, "तोंड उघडा त्याचं, दोन थेंब घालूया."

मी म्हणालो, "उघडलेलंच हाय."